एक हात खिशात

६ सप्टेंबर १९२७ रोजी पुण्याजवळच्या खडकीहून इंग्लंडला बिनतारी तारा सुटू लागल्या. उत्तरं मात्र खडकीला येत नव्हती. ती उतरायची दौंडला, रेल्वेने गेलं तर पाऊणशे किलोमीटर लांब. तिकडेही तसाच प्रकार. पाठवायचं ग्रिम्सबीजवळून, ऐकायचं स्केगनेसजवळून. मार्कोनी कंपनीची ही ‘बीम’ पद्धत. लहरी चारी दिशांना उधळून न देता एका बाजूला वळवणारा एरियल फ्रँकलिन या त्यांच्या इंजिनिअरने रचलेला. इकडची बाजू इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनी सांभाळायची. समुद्राच्या तळाशी केबल टाकून बसलेल्या कंपन्यांच्या धंद्याला या शॉर्टवेव्हने असा हादरा दिला, की १९३२ पर्यंत इथले केबलवाले आणि बिनतारीवाले एकाच कंपनीत येऊन बसले.

मी इतिहासाचा माणूस नाही. पुण्यात तपकीर गल्लीच्या जवळ माझं ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगचं दुकान आहे. बॉबिन, स्टॅम्पिंग, एनॅमलची तार आणि वॉर्निशचा वास यांत हयात गेली. हौशी रेडिओवाले, ज्यांना सगळं जग हॅम म्हणतं, ते माझे गिऱ्हाईक. पुढे परीक्षा देऊन मीही त्यांच्यातलाच झालो. म्हणून खडकी-दौंडच्या गोष्टीत मला लंडनपेक्षा त्या पाऊणशे किलोमीटरचं कौतुक जास्त. पाठवणारं यंत्र किलोवॉटने ओरडतं आणि ऐकणारं यंत्र व्होल्टच्या लाखाव्या हिश्श्याची कुजबुज शोधत असतं. दोन्ही शेजारी ठेवली तर ऐकणारं बहिरं होतं, जळतंसुद्धा. मोठ्या कंपनीने दोन गावांत जागा घेतल्या आणि प्रश्न मिटवला. हौशी माणसाला खडकी आणि दौंड एकाच टेबलावर बसवायची असतात, तीही दोन खोल्यांच्या घरात, एकाच तारेवर, पोरंबाळं आजूबाजूला खेळत असताना. या छंदात जिवाला जपण्याच्या ज्या रीती पडल्या, त्या या अडचणीतून पडल्या.

शॉर्टवेव्ह हौशी लोकांच्या पदरात पडली तीही कुणी मायेने दिली म्हणून नव्हे. १९१२ च्या अमेरिकन कायद्याने त्यांना दोनशे मीटर आणि त्याखालच्या लहरींवर हाकललं. त्या वेळच्या जाणकारांच्या मते ती जागा निरुपयोगी, लांबच्या कामाला नालायक. नोव्हेंबर १९२३ मध्ये त्याच नालायक लहरींवरून अमेरिकेतल्या श्नेल आणि राइनार्ट्झ यांनी फ्रान्सच्या नीस शहरातल्या लेऑन दलॉयशी अटलांटिक ओलांडून दुतर्फा संभाषण केलं. पुढच्या ऑक्टोबरात न्यूझीलंडमधल्या मेंढ्यांच्या शेतावरून फ्रँक बेलने लंडनच्या मिल हिल शाळेतल्या सेसिल गॉयडर या विद्यार्थ्याला गाठलं. म्हणजे पृथ्वीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि पलीकडे बसलेला कोण, तर शाळकरी मुलगा! आपल्याकडे कलकत्त्यात अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस यांनी १९२० नंतरच्या पहिल्या वर्षांतच हा उद्योग सुरू केला होता.

हे होतं कसं, तर वर आकाशात दोन-तीनशे किलोमीटरवर विजेने भारलेल्या हवेचे थर आहेत. शॉर्टवेव्ह त्यांना लागून परत खाली वळते. दिवसा खालचा एक थर बरीचशी लहर गिळून टाकतो, रात्री तो विरतो. आमच्या चाळीस मीटरच्या पट्ट्यावर दुपारी पुण्याहून नागपूर, हैदराबाद खणखणीत येतं. तेच यंत्र आणि तीच तार रात्री उशिरा युरोपचे आवाज आणते. यासाठी लागते ती तांब्याची वीस मीटर तार, मध्ये कापलेली. बस. मुश्कील असते ती ही तार बांधायची कुठे आणि तिच्या जवळ जायचं केव्हा, यात.

१९३९ मध्ये युद्ध लागलं आणि सरकारने हौशी परवाने रद्द करून यंत्रं जमा करायला लावली. तरी एक यंत्र बोललंच. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत काँग्रेस रेडिओ सुरू झाला, उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांचा. यंत्र जुळवून देणारे नरिमन प्रिंटर हे युद्धाआधीचे हौशी रेडिओवाले. हे केंद्र स्वतःची लहर सांगायचं ४२.३४ मीटर. तीनशेला ४२.३४ ने भागून बघा, सात मेगाहर्ट्झच्या किंचित वर येतं. म्हणजे आमचाच पट्टा! पुस्तकांतून हे केंद्र देशभक्तीच्या प्रकरणात येतं आणि ते योग्यच आहे, पण मला त्यातली कारागिरी दिसते. भर वस्तीत, पोलिसांच्या शोधगाड्या फिरत असताना, लपवायला सगळ्यात कठीण गोष्ट म्हणजे तार. पेटी पलंगाखाली सरकवता येते, एरियल गच्चीवर उघडा पडतो. म्हणून ते लोक फ्लॅटमागून फ्लॅट बदलत राहिले. १२ नोव्हेंबरला पकडले गेले. उषाताई तेव्हा बावीस वर्षांच्या. चार वर्षांची शिक्षा झाली आणि रवानगी आमच्या येरवड्यात.

युद्ध संपल्यावर दुसरीच गंमत झाली. लष्कराला नको झालेलं सामान लिलावात निघालं आणि फिरत फिरत जुन्या बाजारात येऊन पडलं. पुणं लष्कराचं गाव, आणि बुधवार-रविवार भरणारा जुना बाजार म्हणजे हॅम मंडळींची पंढरी. विमानातले बी.सी. ३४८ रिसीव्हर, रणगाड्यातले १९ नंबरचे सेट. कॅनडात बनलेल्या काही १९ नंबर सेटांच्या तोंडावर इंग्रजीच्या जोडीला रशियन अक्षरं असायची, कारण तो माल रशियालाही गेला होता. गिऱ्हाईक आधी ती अक्षरं बघून दचकायचं आणि मग भाव करायचं. १९४८ साली महूच्या सिग्नल्स शाळेत हौशी रेडिओचा क्लब निघाला. फौजेतून निवृत्त होऊन आलेले सिग्नल्सचे लोक गावोगाव या छंदाचे मास्तर झाले. माझेही मास्तर असेच एक सुभेदार. मी त्यांना सुभेदारसाहेब म्हणायचो, ते मला ‘वाइंडर’.

या सगळ्या संसाराचा कर्ता पुरुष म्हणजे ८०७ नंबरची व्हॉल्व्ह. आरसीए कंपनीने युद्धाआधी काढलेली. युद्धात ती इतकी बनली, की नंतर पंचवीस-तीस वर्षं जगभरच्या हौशी लोकांना पुरली. काचेच्या डोक्यावर छोटी धातूची टोपी आणि त्या टोपीवर सहाशे-सातशे व्होल्ट. ते व्होल्ट पुरवायला गिऱ्हाईक माझ्याकडे यायचं. ऑर्डर ठरलेली: “सहाशे-झिरो-सहाशे, दोनशे मिलिअँप, शिवाय पाच व्होल्ट आणि सहा पॉइंट तीन.” प्रत्येक थरावर कागद, प्रायमरी आणि हाय टेन्शनच्या मध्ये एम्पायर कापडाचे जास्तीचे वेढे, कडेला तार सरकून खालच्या थराला भिडू नये म्हणून दोन्ही बाजूंना मोकळी जागा. मग वॉर्निशमध्ये बुडवून भट्टीत, आणि शेवटी मेगर लावून इन्सुलेशनची तपासणी. कागद वाचवणारा वाइंडर गिऱ्हाइकाचा जीव घालवतो, असं माझे वडील म्हणायचे. दुकान त्यांचंच.

लोकांना सहाशे म्हटलं की सहाशेच वाटतात. ट्रान्सफॉर्मरचे सहाशे रेक्टिफायरमधून कंडेन्सरवर चढले आणि पुढे लोड नसला, की साडेआठशेपर्यंत जातात. घरातला दोनशेतीसचा झटका खाऊन माणूस पुष्कळदा शिव्या द्यायला शिल्लक राहतो. इथे ती खात्री नाही.

सुभेदारसाहेबांच्या खोलीत शिरलं, की पहिला प्रश्न यायचा.

“वाइंडर, डावा हात कुठंय?”

“खिशात.”

“मग तिथंच ठेव. चहा प्यायला काढ.”

चालू यंत्रात बोट घालायची वेळ आलीच, तर एकाच हाताने. दुसरा चॅसीला टेकला असेल तर वीज एका हातातून शिरून छातीमधून दुसऱ्या हाताने बाहेर पडते आणि वाटेत काळीज असतं. जगभरच्या रेडिओवाल्यांनी ही सवय लावून घेतली. कुठल्या कायद्यात ती पहिल्यांदा लिहिली गेली म्हणून नव्हे, तर कुणी तरी कुणाला तरी असं दरडावून विचारत आलं म्हणून. पायाखाली रबरी चटई, बसायला लाकडी स्टूल, आणि घरात दुसरं माणूस असल्याशिवाय मोठ्या यंत्राचं झाकण उघडायचं नाही. त्या दुसऱ्या माणसाला मेन स्विच कुठे आहे हे माहीत पाहिजे. सुभेदारसाहेबांच्या घरी हे काम काकूंकडे होतं. त्या स्वयंपाकघरातून ओरडून विचारायच्या, “उघडलंय का झाकण?”

बंद केलेलं यंत्रसुद्धा मेलेलं नसतं. कंडेन्सर वीज धरून ठेवतो. ती हळूहळू उतरावी म्हणून त्याच्यावर ब्लीडर नावाचा रेझिस्टर लावतात. पण हा रेझिस्टर सतत तापत असतो आणि एके दिवशी मुकाट जळून जातो. यंत्र चालत राहतं, त्यामुळे कुणाला कळत नाही. म्हणून भिंतीला कायम एक वाळलेल्या बांबूची काठी टांगलेली. टोकाला तांब्याचा आकडा, आकड्याला जाड लवचीक तार. आधी तारेचं दुसरं टोक चॅसीला घट्ट जोडायचं, मगच आकडा कंडेन्सरला लावायचा. क्रम उलटा केला तर वीज काठी धरणाऱ्यातून वाट शोधते. आणि काम संपेपर्यंत आकडा तिथेच अडकवून ठेवायचा, कारण काही कंडेन्सर एकदा रिकामे केल्यावरही थोडे भरून येतात. मी सुभेदारसाहेबांकडे पहिली शिकलो ती मोर्सची चावी नव्हे, ही काठी.

चावीचं निघालं म्हणून सांगतो. जुन्या साध्या ट्रान्समिटरमध्ये चावी व्हॉल्व्हच्या कॅथोडमध्ये बसवलेली असायची. चावी दाबली की प्रवाह वाहतो, सोडली की थांबतो. सोडलेल्या चावीच्या स्क्रूवर तेव्हा चांगलाच व्होल्टेज उभा राहायचा. तासन्‌तास बोटं ठेवायची वस्तू, आणि तीच चावरी. काही जण चावीवर लाकडी पेटी बसवत, फक्त मूठ बाहेर. शहाणे लोक मध्ये रिले टाकत.

जुळवाजुळव करताना यंत्र एरियलला जोडायचं नाही, हीसुद्धा तेव्हाची शिस्त. आउटपुटला शंभर वॉटचा दिवा लावायचा आणि तो जास्तीत जास्त पेटेपर्यंत कंडेन्सर फिरवायचे. तेवढ्यानेही शेजारी कुरकुरायचे. १९७३ मध्ये सिंहगडावरून मुंबई दूरदर्शन पुण्यात दिसू लागलं आणि हॅम मंडळींचे वाईट दिवस आले. छायागीताच्या वेळी पडद्यावर लाटा उठल्या, की अख्खी चाळ दारात. त्या भांडणांमुळे आमच्या लोकांनी ट्रान्समिटर पत्र्याच्या पेटीत बंद करायला आणि आउटपुटला फिल्टर लावायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं उघडे मांडून ठेवलेले सहाशे व्होल्ट त्यामुळे झाकले गेले. जे काम भीतीने झालं नाही, ते छायागीताने केलं!

आता गच्ची. आमच्या छंदात व्हॉल्व्हपेक्षा गच्चीची भीती जास्त, आणि ती आजही कमी झालेली नाही. वीस मीटर तार ताणायची म्हणजे दोन टोकांना काही तरी उंच हवं. बांबू, जीआय पाइप, शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी. टोकाला चिनीमातीचे अंड्यासारखे इन्सुलेटर, मग नायलॉनची दोरी. पाइप उभा करताना वर बघायचं आणि विजेच्या तारा कुठून जातात ते आधी ठरवायचं. पाइप आडवा पडला किंवा तार तुटून वाऱ्यावर गेली, तर ती विजेच्या तारेपर्यंत पोचता कामा नये. पाइपाच्या उंचीच्या दीडपट तरी अंतर ठेवा, असं जुने लोक सांगत. विजेच्या तारेवरून दोरी फेकून पलीकडे न्यायची युक्ती दर पिढीत एखाद्या हुशार पोराला सुचते. त्या पोराला गच्चीवरून खाली आणायचा. समजावत बसायचं नाही.

तारेच्या टोकांना हात लागेल अशी ती कधीच बांधायची नाही. शंभर वॉटवरसुद्धा टोकाशी पाचशे-हजार व्होल्टची रेडिओ वीज असते. हिचा झटका बसत नाही, ही भाजते. कातडीवर पांढरा ठिपका पडतो, आत खोलवर जळतं आणि भरून यायला दिवस लागतात. गच्चीवर वाळवणं घालायला बायका येतात, पतंगाच्या दिवसांत पोरं येतात. म्हणून टोकं डोक्याच्या बरीच वर, आणि खाली पाटी.

अर्थिंगचा खड्डा खणताना मी बरेचदा हजर असायचो. तांब्याची पट्टी, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वरून पाणी. उन्हाळ्यात पाणी घालत राहावं लागतं, नाही तर खड्डा नुसता नावाचा. रेडिओसाठी वेगळा खड्डा काढला, तर तो घराच्या अर्थिंगला जाड तारेने जोडायचा. दोन अर्थ सुटे ठेवले आणि त्यांच्यात व्होल्टेज निघाला, तर एक हात यंत्रावर आणि दुसरा भिंतीवरच्या पेटीवर ठेवणारा माणूस तो व्होल्टेज जोडून देतो.

आणि वळीव. पुण्याचा एप्रिल-मे म्हणजे दुपारी काहिली आणि चारला ढग. गच्चीवरची लांब तार वीज पडायच्या आधीच भारू लागते. सुटलेल्या टोकाशी टिकटिक ठिणग्या पडताना मी पाहिल्या आहेत. खिडकीच्या बाहेर नाइफ स्विच असे. रेडिओ बंद केला की त्याचा दांडा खाली पाडायचा, म्हणजे एरियल थेट जमिनीला. हे ढग दिसल्यावर करायचं, गडगडाट सुरू झाल्यावर नाही. तेव्हा तारेला हातच लावायचा नाही, यंत्र गेलं तर जाऊ दे. १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला रिखमान नावाचे प्राध्यापक ढगांतली वीज मोजायला घरात दांडा आणून बसले होते. तो जमिनीला जोडलेला नव्हता. वादळ आलं आणि ते जागेवर गेले. सुभेदारसाहेबांना त्यांचं नाव कधी नीट म्हणता आलं नाही. ते म्हणायचे, “तो रशियातला मास्तर.” पण दर मे महिन्यात त्याची आठवण काढायचे.

चालवायच्या नियमांबद्दल फार सांगत नाही. परीक्षा होती, मोर्स होतं, पोलीस चौकशी होती, मग दिल्लीहून परवाना यायचा आणि ‘व्ही यू टू’ने सुरू होणारं नाव मिळायचं. आधी ऐक, जागा मोकळी आहे का विचार, स्वतःचं नाव सांग, वहीत नोंद कर. धंद्याची गोष्ट हवेवर काढायची नाही. मी ट्रान्सफॉर्मरचा भाव हवेवर कधी सांगितला नाही, दुकानावर या म्हणायचो.

१९७१ मध्ये जुन्नर तालुक्यात आर्वीला उपग्रहाचं केंद्र उभं राहिलं आणि परदेशी फोन-तारांसाठी शॉर्टवेव्हची गरज ओसरू लागली. खडकी-दौंडचा धंदा ज्या लहरींवर उभा राहिला, त्या पुन्हा मुख्यतः जहाजं, फौजा आणि आमच्यासारख्या हौशींकडे आल्या. राजीव गांधी स्वतः हॅम होते, ‘व्ही यू टू आर जी’. त्यांच्या काळात या यंत्रांवरचं आयात शुल्क माफ झालं आणि जपानी सेट दिसू लागले. पेटी डब्याएवढी, व्हॉल्व्ह नाहीत, १३.८ व्होल्टवर चालणारी. माझ्या सहाशे-झिरो-सहाशेच्या ऑर्डरी आटल्या. त्याचं मला दुःख नाही, पोट मोटारींच्या वाइंडिंगवर भरतं. पण बारा व्होल्टने शॉक लागत नाही म्हणून नव्या मुलांचे दोन्ही हात खिशाबाहेर आले. हाच सेट पाठवताना वीस अँपिअर ओढतो. मोटारीच्या बॅटरीच्या दोन टोकांमध्ये पाना किंवा बोटातली अंगठी अडकली, तर धातू लाल होतो आणि बोट आतच राहतं. म्हणून अंगठी काढायची. फ्यूज पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही तारांत, तेही बॅटरीच्या टोकाशी. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा खोलीची खिडकी उघडी हवी. गच्चीवर मात्र काहीच बदललेलं नाही. तिथे अजून तीच वीस मीटर तार, तोच पाइप आणि तोच वळीव.

हौशी लोकांची आठवण सरकारला येते ती आपत्तीत. १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीला भूकंप झाला तेव्हा, २००१ ला भूजला. पण सगळ्यात विलक्षण गोष्ट अंदमानची. तिथून हौशी रेडिओला सतरा-अठरा वर्षं परवानगीच नव्हती. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद हैदराबादच्या संस्थेतर्फे परवानगी मिळवून पोर्ट ब्लेअरला पोचल्या, ‘व्ही यू फोर आर बी आय’ या नावाने जगभरच्या हौशी लोकांशी बोलायला. निव्वळ हौस! हॉटेलवर एरियल उभारलेला, यंत्र रोज चालू. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, फोन गेले. एरियल मात्र आधीच जागेवर होता. तो वाऱ्यापावसाचा विचार करून बांधलेला, तपासलेला, त्यावरून कुठे कुठे पोचतं हे माहीत असलेला. भारतीताईंनी हौस थांबवली आणि निरोप सुरू केले. मग तिथल्या प्रशासनाच्या कचेरीत केंद्र नेलं, कार निकोबारलाही हौशी लोक पोचले, आणि माणसं जिवंत असल्याचे निरोप मुख्य भूमीवर येऊ लागले.

त्यानंतर काही महिने दुकानावर पोरांची रीघ लागली होती. कुणाला सेट हवा होता, कुणाला पॉवर सप्लाय, बऱ्याच जणांना दोन्ही लगेच, परीक्षेच्या आधीच. मी परीक्षेची तारीख सांगायचो आणि त्यांना घरी जाऊन गच्चीचा नकाशा काढून आणायला लावायचो, विजेच्या तारा लाल पेनाने दाखवून. जे नकाशा घेऊन परत आले त्यांच्यातले तिघं-चौघं अजून सात मेगाहर्ट्झवर सकाळी भेटतात. त्यातली एक मुलगी कोथरूडची. तिच्या नकाशात लाल रेघ गच्चीच्या कठड्याला चिकटून गेली होती. तिच्या सोसायटीत एरियल झालाच नाही. ती मामाच्या घरी, नऱ्ह्याला, मोकळ्या जागेत तार बांधून बसली.